भाऊजींनी सांडलेलं दूध

त्या दिवशी सकाळी भाचीचा, पल्लवीचा, फोन आला. "मामा, आपने कुछ खाया है?" मी म्हटलं, चहा-टोस्ट झालाय, का गं? "पापा नहीं रहे, मामा." उपाशीपोटी कुणाला काही द्यायचं नाही, औषध नाही आणि वाईट बातमीही नाही, ही माझ्या भाऊजींची शिकवण. लेकीनं ती त्या घडीलाही पाळली.

भाऊजी म्हणजे सुमनताईचे यजमान, डॉ. प्रल्हाद वानखडे, गुराढोरांचे डॉक्टर. मूळचे अकोल्याचे, पण नोकरीनं लखनौला आणलं आणि ते विकास नगरातच मुरले. मीही रेल्वेत लागून इथंच आलो, त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी त्यांच्या पंक्तीला असायचो. पंक्तीत विषय एकच, जंत. ताई पोळी वाढत असताना ते म्हशीच्या पोटातल्या चपट्या कृमींचं असं रसाळ वर्णन करत की नवखा पाहुणा दुसरी पोळी घेतच नसे. "डोस कमी पडला की जंत मरत नाहीत, शहाणे होतात," हे त्यांचं लाडकं वाक्य. म्हणून आधी छातीला टेप लावून जनावराचं वजन काढायचं आणि मगच औषध. ही खोड इतकी अंगात भिनली होती की पल्लवीला बघायला आलेल्या मुलाकडे त्यांनी बराच वेळ टक लावून पाहिलं आणि ताईच्या कानात म्हणाले, "सत्तरच्या आसपास असेल." मुलाच्या आईला वाटलं, पगाराचं बोलताहेत. लग्न जमलं ते नशिबानं.

लखनौजवळच्या बख्शी का तालाबच्या दूधवाल्यांना मात्र हे जंताचं औषध नको असायचं. पाजलं की दूध आटतं, असं एकानं म्हणायचं आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या. भाऊजी वर्षानुवर्षं त्यांच्या खाटांवर बसून, त्यांचा चहा पिऊन, समजावत राहिले. शेवटी रामसजीवन नावाचा एक दूधवाला तयार झाला. त्याच्या म्हशींना काही झालं नाही तर बाकीचे येणार होते, आणि झालं तर सगळं मुसळ केरात. भाऊजींनी पावसाळ्याआधी त्याच्या सगळ्या म्हशींना औषध पाजलं आणि बजावलं, "कुछ दिन दूध बेचना नहीं." औषधाचा अंश दुधात उतरतो, म्हणून.

दुसऱ्याच दिवशी बुद्धपौर्णिमा. विहारात खिरीची तयारी चाललेली. भाऊजी आणि मी आत शिरतो तोच रामसजीवन हसतमुखानं सामोरा आला. मागे त्याच्या दुधाचे भरलेले कॅन, आणि महिला मंडळानं त्यातलं दूध भल्यामोठ्या पातेल्यात ओतलेलंही. भाऊजींचा चेहरा पडला. त्याला बाजूला घेऊन ते पुटपुटले, "मना किया था न?"

"बेचने को मना किए थे साहब. हम बेचे कहाँ? दान किए हैं."

भाऊजींनी पातेल्याकडे पाहिलं. हे दूध औषधाचं आहे असं चारचौघांत सांगावं, तर रामसजीवनची अब्रू जाणार आणि औषध घ्यायला यायच्या बेतात असलेले सगळे दूधवाले परत फिरणार. न सांगावं, तर पोराबाळांच्या पोटात ते जाणार. मंडळाच्या बाई गॅस पेटवायला वाकल्या... आणि ज्यांच्या हातून कधी औषधाचा थेंब सांडला नाही ते भाऊजी सतरंजीला अडखळून पातेल्यावर कोसळले. अभिनय इतका वाईट की पडण्याआधी त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला.

बायकांनी भरपूर ऐकवलं. भाऊजी भिजल्या पँटनं विकास नगरातली दुकानं फिरले आणि मिळतील तेवढी दुधाची पाकिटं घेऊन आले. पुढे दर पौर्णिमेला कुणी ना कुणी म्हणायचंच, डॉक्टरसाहेबांना भांड्यापासून लांब बसवा. ते निमूट लांब बसायचे. खरं काय ते आम्हा तिघांना आणि ताईलाच ठाऊक होतं. रामसजीवनच्या म्हशींचं दूध वाढलं, हळूहळू बाकीचे दूधवालेही आले, आणि भाऊजींची सूचना लांबत गेली. ना बेचना, ना पीना, ना दान, ना समधी के घर भिजवाना, म्हणजे व्याह्यांकडे पाठवणंही बंद.

गेल्या आठवड्यात त्यांचं पुण्यानुमोदन, म्हणजे विहाराच्या रीतीनं श्रद्धांजलीचा कार्यक्रम, झालं. ताईनं खीर करायची ठरवली होती. रामसजीवन दूध आणणार हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. तो आला, पण रिकाम्या हातांनी, आणि मागे चपलांपाशी बसला. अकोल्याहून आलेले एक काका मोठ्यानं पुटपुटले, "एवढं केलं त्याच्यासाठी, लेकाला लिटरभर दूध जड झालं." ताईलाही लागलं असावं. ती उठून त्याच्याजवळ गेली तसा तो हात जोडून उभा राहिला.

"कल ही दवा पिलाए हैं, भौजी. दिन साहब ही बताकर गए थे. टाल देते तो दूध ले आते..." तो भाऊजींच्या फोटोकडे बघायचं टाळत होता. "टालते कैसे?"

ताईनं आत जाऊन स्वतः त्याच्यासाठी खिरीची वाटी आणली. त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली, तोंडापर्यंत नेली आणि थांबला.

"दूध किसके यहाँ का है, भौजी? पूछ लिए थे न?"

ताई हसली. भाऊजी गेल्यापासून पहिल्यांदाच हसली, आणि हसता हसता तिथंच चपलांपाशी बसून रडायला लागली. रामसजीवन वाटी धरून तसाच उभा राहिला. उत्तर मिळेपर्यंत त्यानं खीर खाल्ली नाही.