पोळ्यांच्या बाई आणि माफीनामा

कोलशेतला आमच्या सोसायटीशेजारी तीन नवे टॉवर उभे राहिले आणि आमच्या लोकांना एक नवाच शोध लागला. पोळ्या करणाऱ्या बाईलाही दुसरीकडून बोलावणं येऊ शकतं.

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या बाई सोसायटीत आणखी पाच घरी जायच्या. त्यातलं एक नवव्या मजल्यावरचं. नव्या टॉवरमध्ये तेवढ्याच वेळात जास्त पगार मिळत होता, म्हणून त्यांनी ते घर सोडायचं ठरवलं आणि महिनाभर आधी तसं सांगितलंही. नवव्या मजल्यावरच्या साहेबांनी पाच वर्षांत तीन कंपन्या बदलल्या आहेत. शेवटच्या वेळी त्यांनी महिनाभरही वाट पाहिली नाही, आणि आम्ही सगळ्यांनी त्याचे पेढे खाल्ले. बाईंचं कळल्यावर मात्र त्यांनी कमिटीकडे तक्रार केली: ‘मनुष्यबळाची पळवापळवी.’

दोन दिवसांनी गेटवर वॉचमनने बाईंना अडवलं. आमच्याकडे कामवाल्यांना अ‍ॅपवरून आत सोडतात, आणि बाईंच्या नावापुढे कमिटीने लाल खूण लावली होती. एक घर सोडलं म्हणून सहाही घरं बंद. नव्या टॉवरमध्ये तेच अ‍ॅप, त्यामुळे तिथेही लाल खूण. बाईंच्या पगारावर दोन मुलींची शाळा आणि खोलीचं भाडं चालतं, हे अ‍ॅपमध्ये कुठे भरायचं असतं मला माहीत नाही. मी मोहन्यात, कारखान्याच्या वसाहतीत वाढलो. तिथे कारखान्याचं गेट बंद झालं, तर निदान कारण लिहिलेला कागद तरी चिकटवत.

मी अध्यक्षांच्या घरी गेलो. नवव्या मजल्याचे साहेब तिथेच चहा पीत होते.

“काका, शिस्त नको का?” अध्यक्ष म्हणाले. “उद्या सगळ्याच जातील.”

“जाऊ देत की. तुम्ही पगार वाढवा.”

“ह्यांना सवय लागते हो. आपणच बिघडवून ठेवतो.”

“तुम्हीही सोडलीत ना नोकरी?” मी साहेबांना विचारलं.

“अहो, ते करिअर आहे!”

त्यांनी हे इतक्या मनापासून सांगितलं की मला क्षणभर वाटलं, पोळी लाटणं हा बाईंचा छंद असावा.

शेवटी अध्यक्षांनी मोठ्या मनाने तोडगा काढला. बाईंनी माफीनामा लिहून द्यावा, लाल खूण निघेल. हा निरोप घेऊन मीच गेटबाहेर गेलो, खिशात कोरा कागद आणि पेन. त्या गोष्टीची लाज मला अजून वाटते.

बाईंनी कागद हातात घेतला. “काका, लिहिते ना. कशाची माफी, तेवढं सांगा फक्त.”

मी बाहेर काढलेलं पेन परत खिशात ठेवलं.

“मग तुम्हीच लिहा,” त्या म्हणाल्या. “तुमची चूक असेल तर.”

कागद तसाच परत नेला. अध्यक्षांना म्हटलं, “मजकूर तुम्ही सांगा, मी उतरवून घेतो.” ते म्हणाले, “काका, तुम्ही फार ताणता.” तीन आठवडे लाल खूण राहिली. आमच्याकडे पोळ्या मी करू लागलो. बायको त्यांना नकाशे म्हणे.

मग गणपती आले. उकडीचे मोदक वळणाऱ्या बायका नव्या टॉवरवाल्यांनी आधीच ठरवून ठेवल्या होत्या. आमच्या इमारतीत मोदकांना हात मिळेना, अध्यक्षांच्या घरीसुद्धा. आणि आमच्या बाईंचे मोदक सगळ्यांनी खाल्लेले. चतुर्थीच्या तीन दिवस आधी कमिटीची तातडीची बैठक झाली. इतिवृत्तात लिहिलं होतं: ‘मानवतावादी दृष्टिकोनातून सदर महिलेचा प्रवेश पूर्ववत करण्यात येत आहे.’

बाई ज्या घरी येतात त्या सगळ्यांच्या सह्या हव्या होत्या, म्हणून अध्यक्ष ते घेऊन माझ्याकडे आले. मी म्हटलं, “‘मोदकांना कोणी मिळेना म्हणून’ असं लिहा, लगेच सही करतो.”

“काका, इतिवृत्तात असं लिहीत नाहीत.”

मी सही केली नाही. माझ्या सहीवाचून काही अडलंही नाही. बाई परत आल्या. आमच्याकडे आल्या, अध्यक्षांकडे मोदक वळायलाही गेल्या, कारण तीन आठवडे घरात पगार नव्हता आणि मानापमान परवडायला तोही लागतो. मधल्या काळात दोन घरांनी दुसऱ्या बाई लावल्या होत्या, आणि नव्या टॉवरमधली जागाही भरली होती. याची नोंद कुठल्याच इतिवृत्तात नाही, म्हणून इथे केली.