दांड्याचं माप

"तू ये," सर म्हणाले. "तू हलकी आहेस. आणि वजन उचलायची सवयही असेल."

वर्ग हसला. मी उठले.

बी.एस्सी.चं पहिलं वर्ष. लोणावळ्याचं कॉलेज. फळ्यापुढे एक गोल फिरतं स्टूल ठेवलेलं. दोन्ही हातांत लोखंडी वजनं घेऊन त्यावर बसायचं, हात पसरायचे, आणि कोणीतरी स्टूल फिरवायचं. हात छातीशी घेतले की वेग वाढतो, पसरले की कमी होतो. फिरत्या वस्तूचा हा नियम मुलांना डोळ्यांनी दिसावा म्हणून हा खेळ करतात. त्या दिवशी पहिल्या बाकावरच्या दोन पोरांनी हात वर केले होते. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी मला शेवटच्या बाकावरून उठवलं.

"आई काय करते तुझी?" स्टूल धरून सरांनी विचारलं.

त्यांना माहीत होतं. माझ्या फ्रीशिपच्या फॉर्मवर वर्गशिक्षक म्हणून त्यांचीच सही होती.

"कुसगावच्या हॉटेलात चादरी धुते."

"मग काय, ताकद घरचीच आहे," ते म्हणाले आणि त्यांनी जोरात फिरवलं.

"हात आत." मी आत घेतले. भिंती पळायला लागल्या. ओढणी घसरली, स्टुलाच्या पायात अडकली. एक चप्पल उडून बाकाखाली गेली. "हात बाहेर." "आत." "आत म्हटलं ना, ऐकू येत नाही का?" वेग कमी झाला की ते पुन्हा ढकलायचे. मी म्हणाले, "सर, बास." ते वर्गाशी बोलत होते. "बघा, बाहेरून कोणी हात लावत नाही, तरी वेग वाढतो." हात तर तेच लावत होते.

थांबले तेव्हा मला उभं राहता येईना. मी फळ्यापुढेच ओकले.

सर दोन पावलं मागे सरले. "लॅबच्या मामांकडून फडकं आण," म्हणाले. "आणि पुसून घे. तुझंच आहे."

मी पुसलं. गुडघ्यावर बसून, साठ पोरांसमोर. पुसून झाल्यावर "झालं सर" असंही म्हणाले. फिरवल्याचा राग आजही आहे, पण त्याहून जास्त राग त्या "झालं सर"चा आहे. तो माझा माझ्यावरच आहे.

त्याच आठवड्यात मितींचा धडा होता. मिती म्हणजे एखादी गोष्ट लांबीची आहे, वजनाची आहे की वेळेची, हे ओळखणं. मीटरमध्ये किलो मिळवता येत नाहीत, एवढीच साधी गोष्ट. सरांनी ती फळ्यावर लिहिली आणि खडू ठेवून म्हणाले, "सजातीय राशींचीच बेरीज होते. निसर्गाचा नियम आहे. सरकारला मात्र सगळे एका वर्गात कोंबायचे असतात." बोलताना त्यांनी शेवटच्या बाकाकडे पाहिलं. पुन्हा हसू. मी वहीत नियम उतरवून घेतला. बाकीचं उतरवून घ्यायची गरज नव्हती.

आता थोडं माझ्या हाताबद्दल सांगते.

बारावीनंतर मी एक वर्ष सुदुंबऱ्याच्या एका वर्कशॉपात कामाला होते. पहाटेची लोकल, बेगडेवाडीला उतरायचं, तिथून कंपनीचा टेम्पो. काम इन्स्पेक्शनचं. लोखंडी पिना यायच्या, एकेक उचलायची, मायक्रोमीटरमध्ये धरायची, जाडी बघायची. बरोबर असेल तर डावीकडे, नसेल तर लाल क्रेटमध्ये. मिलिमीटरचे शंभर भाग करा, त्यातले दोन भाग इकडेतिकडे चालायचे. तिसरा नाही. आमच्या लाइनच्या ताईंनी पहिल्याच दिवशी माझ्या हातावर चापट मारली होती. "पिळू नगंस. पिळून मोजलं की माप तुज्या जोराचं येतं, पिनाचं न्हाई." मागच्या छोट्या खुंटीने फिरवायचं, ती तीनदा कटकटली की थांबायचं. आधी मायक्रोमीटरची तोंडं पुसायची. रिकामं मिटून शून्य दाखवतोय का ते बघायचं. दाखवत नसेल तर तेवढं वजा करायचं. दिवसाला हजारभर पिना. माझे हात ते झोपेतही करतील.

कॉलेजात प्रॅक्टिकलला फ्लायव्हील होतं. भिंतीत बसवलेलं जड लोखंडी चाक, मधून बाहेर आलेला दांडा. दांड्याला दोरी गुंडाळायची, दोरीला वजन. वजन खाली येतं, चाक फिरतं, फेऱ्या आणि सेकंद मोजायचे. त्यावरून ते चाक फिरवायला किती जड आहे याचं उत्तर काढायचं. त्यासाठी दांड्याची जाडी लागते.

आमच्याकडे दांडा कोणी मोजत नसे. सीनियरचं जर्नल हातोहात फिरायचं. त्यात लिहिलेलं, २४.०० मिलिमीटर. त्याच्या सीनियरच्या जर्नलातही तेच. पोरं आधी उत्तर लिहायची, मग उत्तरावरून मागे येत येत रीडिंग तयार करायची. दोन-चार आकडे मुद्दाम चुकवायची, खरं वाटावं म्हणून. सरांना हे माहीत होतं. ती बनवलेली चूक बघून ते खूश असायचे.

मी मोजला. शून्य बघितलं, तीन भाग जास्त दाखवत होता, ते वजा केले. सात ठिकाणी मोजलं. सातही वेळा तेवीस पूर्णांक बासष्टच्या आसपास. चोवीसच्या जवळपासही नाही.

लॅबमधले मामा, म्हणजे शिपाई, माझ्यामागे उभे राहून बघत होते. कार्ल्याकडच्या शेतकरी कुटुंबातले. शेती थोडी, नोकरी मोठी, दोन वर्षांत रिटायर होणार.

"किती आला?" त्यांनी हळूच विचारलं.

"तेवीस बासष्ट."

"येणारच की. मीच घासतोय न्हवं. पावसाळ्यात लय गंज चढतो त्याला. परीक्षा आली की सर म्हणत्यात, मामा, चमकला पायजे. मग पॉलिश पेपर घ्यायचा आन् घासायचा. तीस वर्सं झाली."

एवढं सोपं होतं. लोणावळ्याची चार महिन्यांची ओल, त्याचा गंज, आणि बाहेरून येणाऱ्या परीक्षकासाठी घासून काढलेली चमक. तीस वर्षं दांडा झिजत होता आणि तीस वर्षं जर्नलात तो चोवीसच होता. मला हसू आलं. मी जर्नलात लिहिलं, २३.६२. खाली शून्याची चूकही लिहिली.

जर्नल परत आलं. पानावर तिरपी लाल रेघ. "२४.०० लिहून आण."

मी पान नवीन लिहिलं. २३.६२.

पुढच्या प्रॅक्टिकलला सरांनी अख्ख्या बॅचसमोर ते पान फाडलं. अर्धं टेबलावर राहिलं, अर्धं त्यांच्या हातात.

"कंपनीत नटबोल्ट मोजलेस म्हणून फिजिक्स येत नाही. हे शास्त्र आहे. हमाली नाही."

"सर, मी सात वेळा मोजलंय."

"याची मिती सांग. या उत्तराची."

"वस्तुमान गुणिले लांबीचा वर्ग."

"पाठ केलंय," ते बॅचला म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "मिती बरोबर, आकडा चूक. सगळ्यांचं चोवीस येतं. तुझंच का येत नाही, याचा घरी जाऊन विचार कर."

तिथं उभ्या उभ्या मला कळलं. मितीवरून फक्त कळतं की ही गोष्ट कशातली आहे. किती आहे ते कळत नाही. ते मोजावंच लागतं. या माणसाने मला फॉर्मवरून ओळखलं होतं आणि तिथंच पेन खाली ठेवलं होतं. मी किती आहे, हे त्याने एकदाही मोजलं नव्हतं.

मी मायक्रोमीटर उचलला, तोंडं पुसली आणि सरांपुढे टेबलावर ठेवला.

"सर, तुम्ही मोजा."

सरांनी मायक्रोमीटरकडे पाहिलं. हात लावला नाही.

"मामा," त्यांनी हाक मारली. "हा दांडा कधी बदललाय का?"

"न्हाई सर."

"मग संपलं."

मी मामांकडे पाहिलं. "मामा, तुम्ही सांगितलंत ना मला. सांगा ना."

मामा खिडकीच्या कडीशी खेळत राहिले. "त्यातलं मला काय कळत न्हाई, पोरी."

त्यांचा राग येतो, आणि दोन वर्षांवर आलेली पेन्शन आठवली की तो अर्धा होतो. अर्धा राहतोच.

उत्तरात पडणारा फरक किरकोळ होता, हेही सांगते. शंभरात तीन-चारचा. घड्याळाचं बटण दाबायला उशीर झाला तरी तेवढी चूक होते. सर सहज सोडून देऊ शकले असते. पण २४.०० मधली ती मागची दोन शून्यं. मायक्रोमीटर वापरलेल्या माणसाने ती लिहिली म्हणजे तो सांगतो, मी शंभराव्या भागापर्यंत पाहिलंय, तिथं काही नाही. ती साक्ष आहे. न पाहिलेल्याची साक्ष मी का देऊ?

जर्नलवर सही नाही तर प्रॅक्टिकलला बसता येत नाही. प्रॅक्टिकल नाही तर वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं की फ्रीशिप पुन्हा मिळेल याची खात्री नाही. मग सुदुंबरे. पिना.

घरी आईला सांगितलं. तिचे हात दिवसभर सोड्याच्या पाण्यात असतात, बोटांची टोकं पांढरी पडलेली.

"लिव की चोवीस," ती म्हणाली. "आकडा हाय, देव न्हाई."

"देव असता तर लिहिलं असतं," मी म्हणाले. "डोळे मिटून हात जोडले असते. हा मोजता येतो."

"लय शानी झालीस. म्या तुला शिकाया घातलं, भांडाया न्हाई." आणि ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. भाकरी पुढ्यात सरकवायची, तोंड फिरवायची. सरांच्या फाडण्याने मी रडले नव्हते. त्या दोन दिवसांत रडले.

तिसऱ्या दिवशी मामा कॉलेजच्या फाटकाशी थांबले होते. "सर म्हणत्यात, चोवीस लिवून दे, आत्ताच्या आत्ता सही देतो. बाकी काय बोलनार न्हाईत. दे लिवून, बाय माजी. तुजंच नुकसान हाय."

"मामा, त्यांना सांगा, मी मोजलेलंच लिहिणार."

"आन् वर्स गेलं तर?"

"तर गेलं."

मी सरळ ऑफिसात गेले. कोऱ्या कागदावर प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहिला. "भौतिकशास्त्र प्रयोगशाळेतील फ्लायव्हीलच्या दांड्याची जाडी माझ्यासमोर मोजण्यात यावी व येणारा आकडा लेखी देण्यात यावा." खाली माझी सात रीडिंगं. क्लार्कने वाचलं, पुन्हा वाचलं.

"एवढ्यासाठी अर्ज?"

"हो. आणि झेरॉक्सवर पोच द्या. शिक्का मारून."

त्या रात्री आई भांडी घासता घासता पाठमोरीच म्हणाली, "पोच घेतलीस का?"

"घेतली."

"नीट ठिव. आमचा सुपरवायझर कागद घेतो आन् म्हनतो दिलाच न्हाई." मग तिने माझ्या ताटात भाजी वाढली.

परीक्षा झाली. माझ्याशिवाय झाली. दांडा त्याआधी पुन्हा घासला गेला असणार, चमकला असणार. बॅचमधल्या सगळ्यांनी २४.०० लिहिलं, बाहेरच्या परीक्षकाने सगळ्यांना बरोबर दिलं. एकजण मला स्टँडवर भेटला आणि म्हणाला, "तू खरी होतीस यार." तो पास झाला होता. खरं कोणाचं, हे स्टँडवर सांगणं सोपं असतं. मी त्याला म्हणाले, "हेच कागदावर लिहून दे." त्याची एसटी आली.

आता मी वर्कशॉपात दुसऱ्या पाळीला जाते. सकाळ मोकळी असते. दर सोमवारी अकरा वाजता कॉलेजच्या ऑफिसात उभी राहते, पोच खिडकीतून आत सरकवते आणि विचारते, "दांडा मोजला का?" क्लार्क कधी म्हणतो साहेब मीटिंगला गेलेत, कधी म्हणतो अर्ज वर पाठवलाय. सर कॉरिडॉरमधून जातात. पूर्वी मी भिंतीला चिकटून वाट द्यायचे. आता मधोमध उभी असते, ते कडेने जातात.

गेल्या सोमवारी क्लार्क वैतागला. चष्मा काढून म्हणाला, "कशाला डोकं फोडून घेतेस? तुझं वर्ष तर गेलंच ना आता."

"वर्ष गेलं," मी म्हणाले. "दांडा इथंच आहे. मोजा. मोजेपर्यंत मी येणार."