मुळाची साल आणि दादाचा ईसीजी

दादाला ब्राऊन शुगरची नशा लागून तेव्हा सहा वर्षं झाली होती. दोनदा सुटली, दोनदा परत लागली. एका रविवारी तो आमच्या नाहूरच्या घरी आला आणि तपकिरी पावडरची पुडी टेबलावर ठेवली.

"इबोगा. आफ्रिकेतल्या झुडपाच्या मुळाची साल. एकदा घेतली की व्यसन खलास. मित्राने मागवलीय."

कितीतरी महिन्यांनी त्याच्या बोलण्यात उमेद होती. मला नाही म्हणवेना. "चार दिवस थांब ना," एवढंच म्हटलं.

मी मुलुंडच्या एका हॉस्पिटलात ईसीजी काढते. त्या आठवड्यात आफ्रिकेतल्या गाबोनहून आलेले एक गृहस्थ बायकोच्या ऑपरेशनसाठी तिथे होते. इबोगा त्यांच्याच देशातली. मोडक्या इंग्रजीत विचारलं, तर आधी हसले. शिकारी जागं राहायला चिमूटभर चघळतात, म्हणाले. जास्त घेतात ती फक्त त्यांच्या पंथाच्या दीक्षेच्या विधीत.

"मी घेतली तेव्हा एक म्हातारा जवळून हलला नाही. सारखा माझ्या छातीवर हात ठेवून बघायचा. सगळं गाव भोवती. तरी आमच्याकडेही माणसं दगावलीत. तुझा भाऊ कुठे घेणार?"

"खोलीत. एकटाच."

"एकट्याने नको," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दादाला कुरकुरत का होईना, हॉस्पिटलात आणलं. त्याचा ईसीजी मीच काढला. बरगड्या मोजता येत होत्या. डॉक्टरांनी पट्टी निरखून पाहिली.

"ठोक्यानंतर हृदयाला सावरायला लागणारा वेळ याच्यात आधीच जास्त आहे. ही साल तो आणखी वाढवते. त्यात अंगात ब्राऊन शुगर. ठोका बिघडला तर घरी काही करता येणार नाही."

"पण लोक बरे होतात ना?" दादाने विचारलं.

"काहींना गुण आला म्हणतात, अभ्यास चालू आहे. तुम्ही घेऊ नका."

गाबोनच्या त्या गृहस्थांबद्दल दादाला येतानाच सांगितलं होतं. तो म्हणाला, "त्या माणसाला भेटव."

दोघं कँटीनमध्ये तासभर बसले. काय बोलले, मला माहीत नाही. मी परतले तेव्हा दादाने पुडी माझ्या हातात दिली. "डॉक्टरांना दे. तिकडे म्हातारा तरी बसतो गं जवळ. माझ्याजवळ कोण बसणार?"

"मी बसेन की."

सोमवारी सरकारी व्यसनमुक्ती केंद्रात गेलो. तलफ कमी करणारी, जिभेखाली ठेवायची गोळी सुरू झाली. पहिले दोन आठवडे मी रोज सोबत गेले. गणपतीत एकदा पाय घसरला, पण ते त्याने त्याच दिवशी स्वतः सांगितलं. केंद्रात जायला लागून आता चौदा महिने होतील. चारकोपला एका गाळ्यात तो फ्रिज दुरुस्त करतो. परवा फोनवर म्हणाला, "वजन वाढलंय यार, पँट होत नाही."