जो प्रोग्रॅम मशीनमध्ये नव्हता

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस मी नाही. इथं ग्रुपवर कुणी "मावशीला पिंपळाखाली बाई दिसली" असं लिहिलं की खाली खवचट प्रश्न विचारणारा तो मीच — मावशीच्या चष्म्याचा नंबर किती होता, तेव्हा तो लावला होता का वगैरे. दोघा-तिघांनी त्यावरून माझ्याशी बोलणं टाकलंय. पण आज माझीच पाळी आलीय. यात पिंपळ नाही, बाई नाही, अमावस्या तर नाहीच... भर दिवसा, कडक उन्हात झालेली गोष्ट आहे.

नव्वदचं दशक संपत आलेलं. बीडमध्ये आमचं भुसाराचं दुकान. खाली दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, दुकान बघायचा आणि वरच्या खोलीत माझा कॉम्प्युटर क्लास. तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघाले होते आणि सगळे विंडोज शिकवायचे. मला मात्र जास्तीचं शहाणपण! व्हायरसनं दोनदा मशीन आडवं पाडल्यावर मी विंडोज काढून लिनक्स टाकलं. त्यात चित्रं नाहीत, माउस नाही. काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायची आणि प्रोग्रॅम चालवायचा. दादा म्हणायचा, तुझं मशीन म्हणजे नुसता फळा हाय.

नवा प्रोग्रॅम बसवायचा तर आरपीएम नावाचा पॅकेज मॅनेजर असायचा. मशीनमध्ये काय आहे, काय नाही, कशाला काय लागतं, हे सगळं त्याला ठाऊक. स्वभाव मात्र तहसीलमधल्या बाबूचा — हे पाहिजे तर आधी ते आण, ते आणलंस तर त्याच्यासाठी आणखी एक आण. पण माणूस खोटं बोलेल, आरपीएम बोलणार नाही, असं मी पोरांना शिकवायचो. हे लक्षात ठेवा.

दिवाळीच्या आधी मी लिनक्स नव्यानं टाकलं, जेवढ्यास तेवढं. बाकीचं सीडीवरून सवडीनं बसवू म्हटलं. आणि लक्ष्मीपूजनाला आमच्या आईनं घोळ केला. दुकानातला तराजू पुजला, तिजोरी पुजली, मग वर येऊन मशीन पुजलं. हात कुठंतरी लागला आणि सीडीचा ट्रे बाहेर आला. आईला वाटलं, पूजेसाठीच ताटली पुढं केलीय. तिनं त्यात हळद-कुंकू, अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्या भक्तिभावानं ठेवल्या... आणि ट्रे आत ढकलला. आमच्याकडं पूजेतली वस्तू लगेच हलवत नाहीत, त्यामुळं मला दुसऱ्या दिवशी कळलं. तोवर ड्राइव्ह गेला होता. मी चार दिवस आईशी फुगून बसलो.

त्यानंतर आली कार्तिकी पौर्णिमा, म्हणजे कपिलधारच्या स्वामींची यात्रा. दादा, वहिनी आणि त्यांची पाच वर्षांची गौरी पहाटेच गेले. आईचे गुडघे धरलेले आणि मला गर्दी सोसत नाही, म्हणून आम्ही दोघं घरी.

दुपार व्हायच्या आत दादा एकटाच मोटारसायकलवर परत आला. चप्पल एकाच पायात. मी जिन्यातच विचारलं, काय झालं? तो पायरीवर बसला.

"गौरी सापडत न्हाई बे," तो म्हणाला. "सकाळपसून. धबधब्यापाशी तिचा हात सुटला."

कर्ण्यावरून पुकारून झालं होतं. वहिनी तिथंच थांबली होती, उठायलाच तयार नव्हती. पोलिसांनी सांगितलेलं, पोरीचा फोटो आणा, फाट्यावर दाखवतो, यात्रेच्या गाड्या परत निघायला लागल्यात. आणि घरात गौरीचे जे फोटो होते ते सगळे पाळण्यातले. कोण ओळखणार? अलीकडची एखादी निगेटिव्ह असलीच तर ती स्टुडिओवाल्याकडं, आणि तो स्वतःच यात्रेला गेलेला.

एक फोटो होता. दसऱ्याला पुण्याचा एक मित्र नवलाचा कॅमेरा घेऊन आला होता, त्यात रोलऐवजी फ्लॉपी. त्यानं गौरीचा छान समोरून फोटो काढला आणि तो माझ्या मशीनमध्ये होता, लिनक्स नव्यानं टाकतानाही मी तो जपलेला. रंगीत प्रिंटरही जोडलेला होता. फक्त फोटो प्रिंटरला कळेल असा करून देणारा प्रोग्रॅम बसवायचा राहिला होता.

त्याचं पॅकेज, म्हणजे बसवायची फाइल, मी कुणाकडून तरी आणून डिस्कवर टाकलेलं होतं. बसवायला गेलो. आरपीएम म्हणाला, याला अमुक लायब्ररी, म्हणजे जोडीची एक फाइल, लागते, ती तुझ्याकडं नाही. ती होती सीडीवर. सीडी घातली... ड्राइव्ह नुसता घरघरला. हळदीचा वास आला. मागं आई उभी होती. ती हळूच म्हणाली, "मीच बिघडवलं की रे ते." मी पुन्हा पडद्याकडं वळलो. बोललो असतो तर वाईट बोललो असतो.

लायब्ररी नसली तरी जबरदस्तीनं बसव, असं आरपीएमला सांगता येतं. सांगितलं. त्यानं बसवला, पण प्रोग्रॅम चालवला तर जागीच पडला, लायब्ररी नाही म्हणून. डोकं फिरलं माझं. मीच कमांड देऊन तो प्रोग्रॅम काढून टाकला, म्हणजे कोऱ्या पाटीवर पुन्हा काही करता येईल. मग आरपीएमला विचारून खात्री केली: पॅकेज बसवलेलं नाही. चुकून जुनीच कमांड पुन्हा मारली गेली, तर मशीन म्हणालं, कमांड नॉट फाउंड. बरोबरच होतं. नव्हताच तो.

दादा खिडकीपाशी उभा राहून नुसता रस्त्याकडं बघत होता. भारनियमनात रोज बारा वाजता लाईट जायची, त्याला थोडाच वेळ उरलेला. मला पुढं काही सुचेना.

"पुन्हा एकदा दाब," आई म्हणाली.

"आई, तो प्रोग्रॅमच नाही आता मशीनमध्ये."

"नसू दे. गौरीसाठी दाब."

तिनं गप्प बसावं म्हणून मी तीच कमांड पुन्हा दिली. पडद्यावर काहीच आलं नाही, एररसुद्धा नाही. आणि प्रिंटरनं कागद ओढला.

आम्ही तिघं बघत राहिलो. आधी केस आले, मग कपाळ, मग डोळे... दादानं ओला कागद तसाच उचलला, फुंकर मारत जिना उतरला आणि गेला. मला वाटलं, आणखी प्रती काढाव्यात, मागून पोचवू. तीच कमांड, तेच अक्षर. कमांड नॉट फाउंड. पुन्हा दिली. कमांड नॉट फाउंड. मग लाईट गेली.

दादा कपिलधारला जाताना मांजरसुंब्याच्या फाट्यावर थांबला. तिथल्या हवालदारानं फोटो बघायला म्हणून घेतला आणि त्याच वेळी यात्रेकरूंची एक जीप आली, ती त्यानं थांबवली. मागच्या सीटवर एका म्हातारीच्या मांडीवर गौरी गाढ झोपलेली. ती माणसं तेलगावकडची. पोर रडत होती, कुणाची कळेना, म्हणून बीडला पोलिसात द्यायला निघालोय, असं त्या माणसांनी सांगितलं. मी ते खरं मानतो. पण दादा अजून म्हणतो, ती जीप पुढं गेली असती तर पोरीला कुठं शोधावं ते मला कळलं नसतं.

दिवेलागणीच्या आत पोरगी घरात होती. वहिनी तिला खाली ठेवायलाच तयार नव्हती. आईनं मीठ-मोहऱ्या उतरवल्या आणि मी, जो असल्या गोष्टींना हसायचो, तो म्हणालो, माझ्यावरूनपण उतरव. मग आईच्या गळ्यात पडून रडलो. एवढं हलकं मला आयुष्यात पुन्हा कधी वाटलं नाही.

आता तुमचे प्रश्न मीच विचारतो. प्रोग्रॅमची दुसरी प्रत कुठं राहिली असेल? अख्खी डिस्क शोधली, नव्हती. राहिली असती तर चालली असती का? लायब्ररीशिवाय नाहीच. आधीची प्रिंट अडकून होती का? आधी काही छापायला गेलंच नव्हतं. इंटरनेट आल्यावर जाणकारांच्या ग्रुपवरही विचारलं. एकानं मला शांत झोप घ्यायला सांगितलं. आईचं म्हणणं, स्वामींनी केलं. मी हो म्हणत नाही... नाही म्हणायचं मात्र सोडलंय.

हे इथं टाकायच्या आधी गौरीला वाचायला दिलं. ती आता पुण्यात असलीच कॉम्प्युटरची कामं करते, माझ्यापेक्षा दसपट जास्त कळतं तिला. तिनं सगळं नीट वाचलं, चार आडवेतिडवे प्रश्न विचारले आणि शेवटी मान हलवली.

"काका, हे होऊच शकत नाही," ती म्हणाली.

माझ्यासमोर पाय वर घेऊन बसली होती आणि चहात बिस्कीट बुडवून खात होती. मी म्हटलं, बरोबर आहे बाई तुझं.