अक्कांची गाय आणि टबातलं पाणी

एकोणऐंशी-ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. धारवाडला सप्तापुरात आम्ही भाड्यानं राहायचो. आमचे हे कॉलेजात शिकवायचे आणि उरलेला सगळा जीव अंगणातल्या गुलाबांवर. कुजलेल्या पाल्याचं खत गोणपाटात बांधून ते टबात भिजत घालायचे, सोबत शेंगांची पेंड आणि गूळ. पाणी चहासारखं तांबूस झालं की पातळ करून झाडांना द्यायचं. त्या वर्षी गुलाबांची पानं पिवळी पडायला लागली. नुसत्या पाल्यानं नत्र पुरत नाही, असं म्हणत त्यांनी कुठूनसा युरिया आणला.

मी कलघटगीकडच्या शेतकरी घरातली. युरियाची पिशवी चाटून आमचा बैल तडफडून मेलेला मी लहानपणी पाहिला होता. "मोकळं ठेवू नका हो," मी म्हणाले. त्यांनी टबावर फळी टाकली, वर एक वीट ठेवली.

शेजारी अक्का एकट्या राहायच्या; घरची भाषा कानडी, आमच्याशी मराठी. त्यांचं सगळं एका गाईच्या दुधावर चालायचं. गाय तेव्हा गाभण होती, पण अजून दूध देत होती.

रविवारी दुपारी अंगणात काहीतरी पडल्याचा आवाज आला. बाहेर येऊन बघते तर फळी खाली, अक्कांच्या गाईचं तोंड टबात, गळ्यात तुटलेलं दावं. मी ओरडून तिला हाकललं. पाणी निम्म्याच्या खाली गेलं होतं. यांनी सकाळीच त्यात ओंजळभर युरिया विरघळवला होता.

अक्का धावत आल्या आणि हसायलाच लागल्या. "पेंडीचा वास लागला बघ हिला. पोटभर प्याली भवानी!"

हे माझ्यामागे येऊन उभे राहिले होते. हळूच म्हणाले, "गप्प बस. एवढ्यानं काही होत नाही."

अक्का गाईला घेऊन निघाल्या. कुंपणापाशी गाईचे कान थरथरायला लागले. मग मानेवरची कातडी. आमच्या बैलाचं असंच सुरू झालं होतं.

"अक्का, थांबा! त्या पाण्यात युरिया होता."

त्या वळल्या. माझ्याकडे नाही, यांच्याकडे बघून कानडीत म्हणाल्या, "अदराग एन हाकीरी?" त्यात काय घातलंत, असं विचारत होत्या. मराठीत ऐकलेलं त्यांना खरंच वाटत नव्हतं. मीच पुन्हा सांगितलं, कानडीत.

मग मात्र यांनी स्कूटर काढली आणि जनावरांच्या दवाखान्याकडे सुटले.

आम्ही दोघी गाईपाशी. तिच्या तोंडाला फेस आला, डावी कूस ढोलासारखी फुगली. अक्का गळ्याला मिठी मारून तिच्याशी कानडीत पुटपुटत होत्या. एकदाच मराठीत म्हणाल्या, "हिच्या पोटात वासरू आहे गं." रस्त्यावर कुठलीही गाडी वाजली की आम्ही दोघी तिकडे बघायचो.

हे आले ते एकटेच. "डॉक्टर खेड्यावर गेलेत. कंपाउंडर म्हणाला, व्हिनेगर पाजा आणि वर थंड पाणी, जाईल तेवढं." सुभाष रोडवरचं दुकान बंद होतं, मागच्या दारानं मालकाला उठवून त्यांनी बाटल्या आणल्या होत्या. "डोकं फार उंच धरू नका, नाहीतर फुप्फुसात जाईल."

अक्कांनी औषध पाजायचा बांबूचा नळा आणला. यांनी जबडा धरला. पहिली बाटली निम्मी यांच्याच अंगावर गेली. मी आडाचं पाणी शेंदून बादल्या आणत होते. मधेच गाईचे पुढचे पाय मुडपले आणि ती खाली बसली. अक्कांच्या तोंडून किंकाळी निघाली.

"आडवी होऊ देऊ नका!" मी ओरडले. आम्ही तिघंही तिच्या कुशीला खांदा लावून बसलो. तिचा श्वास माझ्या पाठीला जाणवत होता, एक जायचा आणि दुसरा लवकर यायचाच नाही.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग तिनं मोठा ढेकर दिला, आंबूस वासाचा. पुन्हा एक. फुगलेली कूस थोडी सैल झाली. दिवे लागायच्या सुमाराला थरथर थांबली आणि ती पाय रोवून उठली.

"अक्का, माझं चुकलं…" यांनी सुरुवात केली.

"तुम्ही सांगणार नव्हता," अक्का म्हणाल्या. "'गप्प बस' म्हणालात ते मी ऐकलंय." मग माझ्याकडे वळल्या. "घरी जा. अंग धू आधी, किती माखलीस."

पुढे कित्येक महिने त्या यांच्याशी बोलल्या नाहीत. दूध यायचं, पण हे घरात असले की भांडं पायरीवर ठेवून त्या परत जायच्या. गाय वेळेवर व्याली, कालवड झाली. त्या दिवशी चिकाची वाटी घेऊन अक्का कुंपणापाशी आल्या. "तुझ्यासाठी आहे," म्हणाल्या.

मी खरवस केला. यांच्या पुढ्यात ठेवला. ते न खाताच उठले.