सारखा पडणारा खटका

सगळी गल्ली तिला वहिनी म्हणायची आणि तिची पाठ वळली की तिच्या संशयी स्वभावावर हसायची. दूधवाला समोर उभा असतानाच ती दुधात बोट बुडवून बघे. इस्त्रीला आलेल्या शर्टाची बटणं गिऱ्हाइकाच्या देखत तपासे, "मागाहून माझ्या नावाने बोंब नको," असं तोंडावर सांगून. नवरा गेल्यावर त्याचं इस्त्रीचं दुकान तिने एकटीने रेटलं होतं. डोळ्यांत तेल घालून राहिले म्हणूनच टिकले, असं तिचं ठाम मत होतं.

मीटर बदलला तेव्हा वायरमनने दुकानातला चिनीमातीचा जुना फ्यूज काढून त्या जागी नवा, जास्त वीज ओढली की आपोआप पडणारा खटका बसवला, आणि तिथून वहिनीच्या मागे शुक्लकाष्ठ लागलं. दोन्ही इस्त्र्या तापून कामाला जरा रंग चढला, की टक् करून खटका पडायचा. वर करावा, पुन्हा पडायचा. बोळात कपड्यांची गाठोडी साचली.

"लोड जास्त होतोय, काकू," वायरमन म्हणाला.

"इतकी वर्षं कसा नाही झाला? तुम्ही हात लावला आणि लगेच झाला!"

याने मुद्दाम काहीतरी ढिलं ठेवलंय, म्हणजे सारखं बोलावणं येईल, हे तिच्या मनाने पक्कं घेतलं. पण एका सकाळी खटका पडला आणि त्याच क्षणी वरच्या मजल्यावर पाण्याची मोटर घरघरली. वर दीर आणि जाऊ राहत. दिराला दुकानाच्या जागेत गाडी लावायची होती, हे तो एकदा बोलूनही गेला होता. वहिनीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जाऊ आपल्या तारेवरून वीज ओढतेय!

मग ती जावेवर पाळत ठेवू लागली. जाऊ जिन्यावरून हसली तरी वहिनीला त्या हसण्यात काहीतरी शिजताना दिसे. शेवटी तिने वायरमनला पुन्हा बोलावलं आणि हळूच म्हणाली, "वरचे चोरी करतायत. पकडून द्या."

वायरमनने दुकानातलं सगळं बंद केलं आणि तिला मीटरपुढे उभं केलं. वर मोटर चालू होती, पंखे फिरत होते. वहिनीचा मीटर ढिम्म हलेना.

"कोणी चोरत असतं तर हा पळाला असता," तो म्हणाला. मग त्याने इस्त्रीच्या टेबलामागच्या भिंतीवर हात ठेवला आणि चटका बसून झटकन मागे घेतला. "जुना फ्यूज कुठाय?"

तो होता तिच्याकडेच. वायरमन नेऊन विकेल म्हणून तिने त्या दिवशी त्याच्या हातातून हिसकावून घेतला होता. आता त्याने तो उघडला. आत पीळ घातलेली जाड तांब्याची तार होती.

"फ्यूजची तार बारीक असते ती याचसाठी, की भिंतीतली वायर तापण्याआधी ती वितळावी आणि वीज तुटावी. ही कशाला वितळतेय? त्याऐवजी भिंतीतली वायर भाजत राहिली." त्याने बोर्ड उघडून दाखवला. वायरवरचं प्लॅस्टिक काळं पडून पापुद्र्यासारखं गळत होतं. "खटका याच वायरला वाचवत होता. ही जाड तार कोणी घातली?"

"असेल कोणीतरी," वहिनी म्हणाली.

तिला पक्कं आठवत होतं. फ्यूज सारखा उडतो म्हणून वैतागून नवऱ्याने एके दिवशी पक्कड उचलली होती. "आता बघ, उडायची हिंमत नाही व्हायची," असं छाती फुगवून म्हणाला होता आणि तिने कौतुकाने त्याला चहा केला होता. जन्मभर तिने ज्याच्या कामावर डोळे झाकून विश्वास ठेवला, असा तो एकच माणूस.

इस्त्र्यांसाठी वेगळी जाड वायर आणि तिचा स्वतंत्र खटका टाकेपर्यंत दुकान बंद ठेवणं भाग होतं. ते कळताच जाऊ आपणहून खाली आली. "वर या, जाऊबाई. एक इस्त्री आमच्याकडे लावा. आमची वीज कध्धी जात नाही. भाऊजींनीच तर फ्यूज पक्का करून दिला होता."

 गप्प बसलं तर नवऱ्याची अब्रू झाकली जात होती. पण वर ही पोरगी झोपत होती, हिचा संसार होता.

"आधी तुझा मेन स्विच बंद कर," ती म्हणाली. "त्यांनी चूक केली गं. इथेही केली, तिथेही केली असणार. वायरमनला घेऊन येते."

वायरमनने वरचा फ्यूज उघडला. आत तसलीच तार निघाली. दीर दारात उभा राहून बघत होता. तो म्हणाला, "दादाने केलं म्हणून मी कधी उघडूनच पाहिलं नाही."

"मी तरी कुठे पाहिलं?" वहिनी म्हणाली. मग जावेकडे न बघता पुटपुटली, "आणि तू माझी वीज चोरतेस असं मला वाटत होतं."

"माहीत होतं," जाऊ म्हणाली. "मोटर लावली की तुम्ही जिन्यात येऊन उभ्या राहायच्या."