पत्त्यांचा कॉम्प्युटर

धुळ्याच्या बाजारामागच्या गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक जण बसतो. माणूस खडूस. गिऱ्हाइकाकडे बघत नाही, यंत्राशी मात्र बोलतो, तेही अहिराणीत. भंगारातले बोर्ड त्याने खिळ्यांना टांगून ठेवलेत, वाळत घातल्यासारखे.

आमची ही दुपारी कॉम्प्युटरवर पत्ते खेळायची. ती गेली, तरी मी तो रोज चालू करायचो. परवा तो अपडेट होत असताना लाईट गेली, आणि नंतर पडदा काळाच. दोन दुकानदार म्हणाले, "फेका बाबा, नवा घ्या." नव्यात तिचे डाव कुठून येणार?

याला मी पत्त्यांचं सांगितलं. तो म्हणाला, "आबा, हाई मरेल नही. चालू कसं व्हवानं, ते इसरी जायेल शे."

त्याने भंगारातल्या बोर्डावरची नखाएवढी चिप काढली, दातांच्या ब्रशने तिचे पाय घासले, तिच्यात आमच्या मशीनचा प्रोग्रॅम भरला आणि बिघडलेल्या चिपच्या जागी ती बसवली. मग बटन दाबून मशीनला दम दिला, "ऊठ व माय, कितलं झोपशी?"

पडदा उजळला. तिचे जिंकलेले डाव तसेच होते. मी वायर गुंडाळायला लागलो, तर त्याने स्वतःचं स्टूल पुढे सरकवलं.

"एक डाव खेळा. मशीन तापस का, ते देखूत."

मागचं गिऱ्हाईक कुरकुरलं, "भाऊ, माझा लॅपटॉप कधी?"

"थांब रे! आबाना डाव चालू शे."

मी हरलो. दुसरा डाव मांडला.